पाणी मुरवणारा डांबरी रस्ता: पावसात टायरची पकड कशी टिकते

पाणी हा डांबरी रस्त्याचा शत्रू, हे रस्त्याच्या कामावर सगळ्यात आधी शिकवलं जातं. थरात पाणी शिरलं की डांबर खडीपासून सुटू लागतं, वरून जड वाहनं जात राहतात आणि एके दिवशी तिथे खड्डा दिसतो. म्हणून रस्ता जितका घट्ट तितका चांगला, अशी सगळ्यांचीच समजूत असते. असं असताना नेदरलँड्सने आपल्या 90 टक्क्यांहून अधिक महामार्गांवर सगळ्यात वरचा थर मुद्दाम छिद्रांचा केला आहे. त्यावर बादलीभर पाणी ओतलं तर ते पसरत नाही, आत जातं. जपानच्या द्रुतगती महामार्गांवरही 1990च्या दशकाच्या अखेरीपासून हाच थर नेहमीचा झाला आहे.

या थराला सच्छिद्र डांबर म्हणतात. त्याबद्दल ऐकल्यावर बहुतेकांची समजूत होते की या रस्त्याची पकड इतर रस्त्यांपेक्षा जास्त असते. कोरड्या दिवशी तसं काही नसतं. हा थर नवी पकड आणत नाही. पावसाचं पाणी जी पकड हिरावून घेतं, ती तो परत मिळवून देतो. हा फरक एकदा लक्षात आला की थराची रचना, त्याचं रोलिंग, त्याची साफसफाई आणि त्याच्या मर्यादा, सगळ्याचा उलगडा होतो.

## ओल्या रस्त्यावर टायरखाली काय घडतं

कारचा एक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर अंतर कापते. टेकलेल्या जागेची लांबी 15 सेंटीमीटर धरली, तर रबराचा कुठलाही एक ठिपका रस्त्यावर फक्त 7 मिलिसेकंद टेकतो. तेवढ्या वेळात त्याला खालचं पाणी बाजूला सारून दगडापर्यंत पोचायचं असतं. रस्त्यावर अडीच मिलिमीटर पाणी साचलेलं असेल आणि टायर 20 सेंटीमीटर रुंद असेल, तर एका टायरला दर सेकंदाला 11 लिटर पाणी हटवावं लागतं.

हे पाणी जाणार कुठे? थोडं टायरच्या खाचांमधून, थोडं रस्त्याच्या खडबडीतपणातून. दोन्हीकडची जागा संपली की टायरच्या पुढच्या कडेखाली पाण्याची पाचर तयार होते. वेग वाढेल तशी ती मागे सरकते, तिच्यातला दाब वाढतो आणि एका क्षणी सगळा टायर पाण्यावर उचलला जातो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात, कारण टायर रस्त्याला लागलेलाच नसतो.

अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचं एक सोपं सूत्र मांडलं. पुरेसं पाणी असेल तर टायर कोणत्या वेगाला तरंगेल, हे मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचं तर पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला सुमारे 16.7 ने गुणायचं. 32 पीएसआय हवा असलेला टायर ताशी 94 किलोमीटरच्या आसपास तरंगतो. हवा 25 वर उतरलेली असेल तर हाच वेग 83 पर्यंत खाली येतो. पावसाळ्याआधी टायरमधली हवा तपासायला सांगतात, त्यामागे हे साधं गणित आहे.

मात्र गाडी पूर्ण तरंगेपर्यंत सगळं ठीक असतं, असं समजू नये. पाचर अर्ध्या टायरखाली शिरली असेल तरी पकड अर्धी गेलेली असते. पावसातल्या बहुतेक घसरण्या याच अवस्थेत होतात.

## पकडीचे दोन भाग

रस्त्याचा खडबडीतपणा दोन पातळ्यांवर मोजतात. एक स्थूल पोत: खडीच्या दाण्यांमधले उंचसखलपण, अर्ध्या मिलिमीटरपासून काही सेंटीमीटरपर्यंतचे. दुसरा सूक्ष्म पोत: एकेका दगडाच्या अंगावरची, बोट फिरवल्यावर जाणवणारी खरखर. स्थूल पोत पाण्याचा मोठा लोंढा बाहेर जाऊ देतो. त्यानंतरही दगडावर एक पातळ पापुद्रा उरतो, तो फोडायचं काम सूक्ष्म पोताचं. रबर खऱ्या अर्थाने दगडाला धरतं ते तिथे.

सच्छिद्र थर पहिलं काम उत्तम करतो. दुसरं काम त्याच्या हातात नाही, ते खडीच्या जातीवर आहे. काही दगड, विशेषतः बरेचसे चुनखडक, वाहनांच्या रहदारीने घासून गुळगुळीत होतात. हे आधीच ओळखण्यासाठी एक चाचणी आहे. खडीचे तुकडे वक्राकार साच्यात बसवून चाकावर लावतात आणि एका रबरी टायरखाली तासन् तास घासतात, आधी जाड एमरी, म्हणजे घासायची कठीण दगडी पूड, टाकून आणि मग पिठासारखी बारीक एमरी टाकून. मग तो तुकडा ओला करून लोलकाखाली ठेवतात. लोलकाच्या टोकाला रबराची पट्टी असते. ती वरून सोडली की दगडाला घासून पलीकडे जाते. दगड खरखरीत असेल तर लोलकाची बरीच ताकद घासण्यात खर्च होते आणि तो पलीकडे थोडाच वर चढतो. गुळगुळीत असेल तर उंच जातो. त्यावरून दगडाला एक अंक मिळतो. चुनखडकाचा अंक साधारण 40च्या आसपास राहतो, चांगल्या वालुकाश्माचा 65 किंवा त्याहून वर जातो.

छिद्रांवर सगळं लक्ष देऊन खडी मात्र जवळची, स्वस्त आणि लवकर गुळगुळीत होणारी घेतली, तर त्या रस्त्यावर पाणी साचणार नाही, पण कमी वेगातही गाडी घसरेल. निविदेत छिद्रांची टक्केवारी ठळक लिहिलेली असते आणि खडीचा हा अंक कुठेतरी तळाशी राहतो. तो वर यायला हवा.

## छिद्रं येतात कुठून

नेहमीच्या डांबरी थरात मोठी खडी, मधली खडी, बारीक खडी, कच आणि भुकटी असे सगळे आकार प्रमाणात घेतात. मोठ्यांमधल्या फटीत मधले बसतात, मधल्यांच्या फटीत बारीक. शेवटी थरात हवेसाठी 3 ते 5 टक्के जागा उरते, तीही सुट्या बुडबुड्यांची.

सच्छिद्र थरात मधले आणि बारीक आकार जवळजवळ काढूनच टाकतात. काचेच्या बरणीत एकाच आकाराच्या गोट्या भरल्या तर साधारण 40 टक्के जागा मोकळी राहते, गोट्या लहान असोत की मोठ्या. वरून पाणी ओतलं की ते कुठेही न अडता तळाला जातं. थरातही तेच होतं. खडीचे बहुतेक दाणे एका आकाराच्या आसपासचे असतात. डांबर आणि थोडी बारीक भुकटी त्या मोकळ्या जागेचा काही भाग घेतात आणि शेवटी साधारण 20 टक्के जागा उरते. महत्त्वाचं म्हणजे ही जागा आतून एकमेकांना जोडलेली असते.

दाण्याचा आकार बदलला तर छिद्रांचं एकूण प्रमाण फारसं बदलत नाही, पण एकेक छिद्र लहान-मोठं होतं. मोठी खडी घेतली तर छिद्रं मोठी होतात, सहज बुजत नाहीत, पण पृष्ठभाग ओबडधोबड होऊन आवाज वाढतो. बारीक खडीने रस्ता शांत होतो, पण धूळ लवकर अडकते. म्हणून काही ठिकाणी दोन थर देतात: खाली मोठ्या खडीचा, वर बारीक खडीचा. वरचा थर चाळणीचं काम करतो आणि खालच्या मोठ्या छिद्रांतून पाणी वाहून जातं.

बारीक आकार काढून टाकल्याचा एक मोठा परिणाम भार पेलण्यावर होतो. नेहमीच्या थरात सगळे आकार मिळून एकमेकांना आवळून धरतात. इथे दाण्याला दाणा थेट टेकलेला असावा लागतो, नाहीतर थर दबत जातो आणि छिद्रं मिटतात. त्यासाठी प्रयोगशाळेत आधी नुसती मोठी खडी ठोकून तिच्यातली मोकळी जागा मोजतात. मग तयार मिश्रणात त्या मोठ्या दाण्यांमधलं अंतर तेवढंच राहिलं आहे की भुकटीने त्यांना एकमेकांपासून ढकललं आहे, हे तपासतात. ढकललं असेल तर मिश्रण नापास.

## डांबर खाली ओघळतं, त्याचं काय

बारीक दाणे नसल्यामुळे डांबराला चिकटायला एकूण पृष्ठभाग कमी मिळतो. त्यामुळे प्रत्येक दाण्यावरचा डांबराचा लेप जाड होतो, आणि तो जाड हवाच, कारण छिद्रांतून हवा आणि पाणी सतत खेळत राहणार आहे. पातळ लेप हवेने लवकर कडक होऊन तडकला असता.

पण गरम असताना जाड लेप ओघळतो. गरम मिश्रण बनवणाऱ्या हॉटमिक्स प्लांटपासून साइटपर्यंत डंपर तासभर जरी चालला, तरी डांबर खाली उतरून तळाशी जमा होऊ शकतं. मग अंथरल्यावर रस्त्यावर काही ठिकाणी चकाकणारे, डांबराने भरलेले डाग पडतात आणि काही ठिकाणी खडी कोरडी राहते. डागावर पाणी मुरत नाही, कोरड्या जागी खडी सुटते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी 1970च्या दशकात हे थर उत्साहाने केले आणि 1980च्या दशकात खडी सुटते म्हणून सोडून दिले. ओघळणाऱ्या डांबराचा यात मोठा वाटा होता.

यावर दोन उपाय सापडले आणि त्यांनी या तंत्राला दुसरा जन्म दिला. एक, मिश्रणाच्या वजनाच्या सुमारे 0.3 टक्के सेल्युलोजचे किंवा खनिज तंतू. प्रमाण एवढंसं असलं तरी हे तंतू गरम डांबर धरून ठेवतात. दुसरा, पॉलिमर मिसळलेलं डांबर, जे तापल्यावर कमी वाहतं आणि थंडीत कमी तडकतं. शिवाय पाण्याने डांबर खडीपासून सुटू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी 1 ते 2 टक्के चुन्याची पूड घालतात.

मिश्रण टिकेल का, हे पाहणारी स्पेनमध्ये तयार झालेली कँटाब्रो चाचणी मला फार आवडते, कारण तिचा निकाल डोळ्यांनी दिसतो. मिश्रणाचा मुठीपेक्षा थोडा मोठा दंडगोल करून त्याचं वजन करतात. तो लोखंडी पिंपात टाकून पिंप 300 वेळा फिरवतात. ठोकळा आपटत, घरंगळत राहतो. बाहेर काढून पुन्हा वजन करायचं: जेवढं घटलं तेवढी खडी सुटली. चांगल्या मिश्रणाचा ठोकळा कडा झिजलेला पण अखंड बाहेर येतो, वाईट मिश्रणाचा चुरा निघतो. साधारणपणे 20 टक्क्यांपर्यंतची झीज मान्य करतात. डांबर किती घालायचं हे ओघळण्याची चाचणी आणि ही झिजेची चाचणी मिळून ठरवतात: कमी घातलं तर ठोकळा फुटतो, जास्त घातलं तर डांबर ओघळतं.

## पाणी थरात गेलं, मग पुढे?

इथे एक मोठा गैरसमज आहे. पार्किंगच्या जागांवर असा एक प्रकार वापरतात, ज्यात पाणी सगळ्या थरांमधून थेट जमिनीत मुरतं. वेगवान रस्त्यावर तसं करत नाहीत. तिथे फक्त वरचे 4-5 सेंटीमीटर सच्छिद्र असतात. खालचा थर नेहमीसारखा घट्ट असतो आणि त्यावर डांबराचा जाड टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा लेप, मारून तो आणखी बंद करतात. पाणी वरच्या थरातून खाली येतं, घट्ट थरावर टेकतं आणि उताराने कडेला निघून जातं. पाणी रस्त्याचा शत्रू, हा सुरुवातीचा धडा खोटा ठरत नाही. इथे पाण्याला ठरावीक वाट दिलेली असते, एवढंच.

म्हणून खालच्या थरावर चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतील, तर त्यांच्यावर सच्छिद्र थर टाकणं म्हणजे पाण्याची डबकी झाकून ठेवणं. आधी तो थर नीट समतल करावा लागतो. रस्त्याला साधारण अडीच टक्के आडवा उतार लागतो. आणि थराची बाहेरची कड उघडी राहावी लागते. साइडपट्टीची माती किंवा कडेचा दगड त्या कडेला चिकटवून लावला की पाणी अडलंच. हा दोष नकाशावर दिसत नाही, पहिल्या पावसात दिसतो.

अंथरण्याच्या कामात घाई आणि संयम दोन्ही लागतात. छिद्रांमुळे मिश्रण पटकन थंड होतं, म्हणून डंपरवर ताडपत्री हवी, मिश्रण अंथरणारं यंत्र, म्हणजे पेव्हर, थांबता कामा नये आणि रोलर त्याच्या मागोमाग हवा. पण रोलर लोखंडी चाकांचा, व्हायब्रेशन बंद करून, मोजक्याच फेऱ्यांचा. व्हायब्रेशन सुरू केलं तर टेकलेले दाणे फुटतात, आणि फुटलेल्या दगडावर डांबराचा लेप नसतो. रबरी चाकांचा रोलर पृष्ठभाग मळून छिद्रं बंद करतो, तो इथे वापरायचाच नाही. नेहमीच्या डांबरीकरणात जास्त दाबणं हा गुण असतो. त्यात मुरलेल्या रोलर चालकाला सवय मोडायला वेळ लागतो, आणि त्याला कारण समजावून सांगितलं तर तो ती मोडतोही.

## मुसळधार पावसातही चालेल का

हिशेब करून पाहू. 50 मिलिमीटर जाडीचा थर, 20 टक्के छिद्रं. म्हणजे दर चौरस मीटरला 10 लिटर पाणी मावेल, जे 10 मिलिमीटर पावसाइतकं आहे. सगळी छिद्रं पूर्ण भरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. पावसाच्या पहिल्या सरीसाठी ही साठवण भरपूर आहे.

पण सर थांबलीच नाही तर? मग आत येणारं पाणी आणि कडेने बाहेर पडणारं पाणी यांची तुलना करावी लागते. समजा पाणी थरातून सरळ खाली सेकंदाला 1 सेंटीमीटर या दराने जाऊ शकतं. चांगल्या नव्या थरासाठी हा वाजवी आकडा आहे. पण आडवं जाताना त्याला ढकलणारा उतार फक्त अडीच टक्के असतो, म्हणून दर चाळीसपट कमी होतो. रस्ता 10 मीटर रुंद असेल तर एवढ्या थरातून तासाला साधारण 4 ते 5 मिलिमीटर पाऊसच सतत वाहून जाऊ शकतो. जोराचा पाऊस याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे लांबलेल्या मुसळधार पावसात थर भरतो आणि पाणी वर येतं, आधी उताराच्या खालच्या कडेला.

मग उपयोग काय? दोन उपयोग उरतात. वर आलेल्या पाण्याची जाडी घट्ट थरापेक्षा कमी असते, कारण काही पाणी आतून वाहतच असतं. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे टायरखालच्या पाचरीतला दाब टिकत नाही. टायरने दाबलेलं पाणी खाली आणि बाजूच्या छिद्रांत शिरतं. थर भरलेला असला तरी पाणी आतल्या आत ढकललं जातं. पाचर बनायला जो बंद तळ लागतो, तो इथे नाही.

रस्ता रुंद असेल आणि पाऊस जोराचा असेल, तर जाडी वाढवणं, उतार वाढवणं किंवा पाण्याची वाट लहान करणं एवढेच मार्ग आहेत. सच्छिद्र थर केला म्हणून गटारं लहान चालतील, असं समजणं धोक्याचं आहे.

तुषार कमी होण्याचा फायदा मात्र लगेच जाणवतो. पावसात ट्रकच्या मागे गेलं की काचेवर पाण्याचा धुरळा येतो आणि पुढचं दिसेनासं होतं. नव्या सच्छिद्र थरावर तो जवळजवळ नाहीसा होतो. रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांचं पाण्यावरून चमकणंही कमी होतं आणि पांढऱ्या पट्ट्या दिसतात.

## नवा रस्ता सगळ्यात सुरक्षित असेल ना?

नाही. अंथरल्यावर सुरुवातीचे काही महिने प्रत्येक दाण्यावर तो जाड डांबराचा लेप असतो. टायर दगडाला टेकतच नाही, डांबराला टेकतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून चाकं अडकली, तर घर्षणाच्या उष्णतेने तो लेप वितळतो आणि टायर त्यावरून घसरतो. नेदरलँड्समध्ये अशा नव्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं, अशी सूचना देणारे फलक लावले जातात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांना हा त्रास कमी होतो. काम संपताना गरम पृष्ठभागावर बारीक कच टाकून हलकं रोलिंग केलं तर सुरुवातीची पकड सुधारते. मग रहदारीने लेप झिजतो, दगड उघडा पडतो आणि खडीची जात बोलू लागते.

## छिद्रं धुळीने बुजत नाहीत का

बुजतात, आणि माझ्या मते हा थर निवडावा की नाही याचा निकाल इथेच लागतो. वेगवान मार्गिकेवर टायर पाणी आत ढकलतात आणि पुढच्या क्षणी बाहेर ओढतात, त्यामुळे छिद्रं बरीचशी आपोआप साफ राहतात. संथ रहदारीत हे होत नाही. कडेच्या पट्टीवर, जिथे फारशी वाहनं चालतच नाहीत, तिथे धूळ सगळ्यात जास्त साठते. आणि पाण्याला बाहेर पडायला नेमकी तीच पट्टी ओलांडावी लागते. म्हणून नेदरलँड्समध्ये आपत्कालीन मार्गिका ठरावीक काळाने खास यंत्रांनी धुतात: जोराच्या फवाऱ्याने गाळ उखडायचा आणि त्याच क्षणी गाळपाणी शोषून घ्यायचं. नुसतं धुतलं आणि शोषलं नाही, तर गाळ आणखी खोल बसतो.

मातीचे ट्रॅक्टर चढतात, वाळूचे डंपर सांडत जातात किंवा साइडपट्टी कच्ची आहे, अशा रस्त्यावर हा थर थोड्याच काळात नेहमीच्या थरासारखा होतो. फरक एवढाच की त्यासाठी जास्त पैसे मोजलेले असतात. धुण्याचं यंत्र आणि त्याचा खर्च मंजूर नसेल, तर हा थर करू नये.

दुरुस्तीतही हेच भान लागतं. खड्डा घट्ट मिश्रणाने भरला तर तो पाण्याच्या वाटेत बांध होतो आणि त्याच्या वरच्या बाजूला पाणी साचतं. लहानसा तुकडा असेल तर पाणी वळसा घालून जातं. रस्त्याच्या लांबीत लांबलचक पट्टा भरला तर जात नाही. पट्टे मारण्याच्या जाड थर्मोप्लास्टिक रंगाचंही तसंच.

## अपघात खरंच कमी होतात का

पावसात पकड टिकते हे मोजता येतं, तुषार कमी होतात हे दिसतं, मग अपघातही तेवढेच कमी व्हायला हवेत. जपानच्या अनुभवात ओल्या रस्त्यावरचे अपघात लक्षणीय कमी झाले. नेदरलँड्समध्ये मात्र तितका स्पष्ट फायदा हाती लागला नाही. समोरचं नीट दिसतं आणि रस्ता ओला वाटत नाही, म्हणून चालक पावसातही वेग फारसा कमी करत नाहीत, हे त्याचं एक कारण मानलं जातं. मिळालेली सुरक्षितता अशी वेगात खर्च होते. यावरून थर निरुपयोगी ठरत नाही. पण पावसातली वेगमर्यादा उठवायला तो पुरेसं कारणही ठरत नाही.

नेदरलँड्सने हा थर टिकवला तो मुख्यतः आवाजासाठी. टायरखाली कोंडलेली हवा छिद्रांत निसटते आणि आवाजही आत शोषला जातो. एका थराने साधारण 3 डेसिबल घट मिळते, म्हणजे रहदारी निम्मी केल्यावर मिळाली असती तेवढी.

## आयुष्य किती, आणि कुठे करू नये

घट्ट थरापेक्षा आयुष्य कमी. जड वाहनांच्या मार्गिकेवर साधारण 10 ते 12 वर्षं चांगली मानतात. शेवट बहुधा एकाच प्रकारे होतो: आतल्या हवेने डांबर कडक होत जातं, एक दाणा सुटतो, मग त्याच्या शेजारचे आधार गेल्यामुळे भराभर सुटतात. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हा थर लवकर गारठतो आणि टाकलेलं मीठ छिद्रांत उतरतं, म्हणून मीठ जास्त आणि जास्त वेळा टाकावं लागतं. वाळू तर टाकताच येत नाही.

हा थर वेगवान, सरळ किंवा सौम्य वळणांच्या, प्रवेश मर्यादित असलेल्या रस्त्यांसाठी आहे. चौकात, तीव्र वळणावर, टोलनाक्यापाशी, बसथांब्यावर तो करू नये. जागच्या जागी वळणारं चाक दाण्यांना पीळ देतं आणि उभ्या वाहनांतून गळणारं डिझेल डांबर विरघळवतं. तिथे घट्ट पण खोल पोताचे पर्याय आहेत. स्टोन मॅट्रिक्स डांबरात मोठ्या खडीचा सांगाडा हाच असतो, पण फटी डांबर आणि भुकटीच्या लगद्याने भरलेल्या असतात. धोक्याच्या लहान टप्प्यांवर सहज गुळगुळीत न होणारी बारीक कठीण खडी रेझिनने चिकटवतात. सिमेंटच्या रस्त्यावर खाचा पाडता येतात. कमी वेगाच्या ठिकाणी पाण्याची पाचर बनण्याचा प्रश्नच मोठा नसतो. तिथे चांगल्या जातीची खडी आणि पाणी न साचू देणारा उतार एवढ्याने काम भागतं, आणि तो खर्च कितीतरी कमी आहे.